दप्तराची राखण

इतिहासाचे कागद वाचणारे तीन प्रश्न विचारतात: कागद कुणी लिहिला, कुणाला लिहिला आणि कधी लिहिला. तो आपल्या हाती येईपर्यंत टिकला कसा, हा चौथा प्रश्न बहुधा प्रस्तावनेतल्या एका वाक्यात उरकला जातो. ‘अमुक घराण्याच्या वंशजांनी जपून ठेवलेले दप्तर’ एवढे म्हटले की आपण पुढच्या पानावर जातो. माझा पोटापाण्याचा धंदा असा, की मला हा चौथा प्रश्नच आधी दिसतो. फलटणला राहून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कचेऱ्या, बँका, पतसंस्था आणि दूध संघ यांचे यूपीएस, संगणक आणि सर्व्हर दुरुस्त करण्यात माझी वीसेक वर्षे गेली. इतिहासाची आवड त्याहून जुनी. गेल्या पंचवीस वर्षांतले आपले सरकारी आणि सहकारी दप्तर ज्या पंख्यांच्या आणि बॅटऱ्यांच्या जिवावर टिकले, त्यांच्या देखभालीविषयी मला इथे लिहायचे आहे. या देखभालीचा इतिहास कुणी लिहिलेला नाही आणि ज्यांनी ती केली ते लिहिणाऱ्यांपैकी नव्हेत, म्हणून हा उद्योग.

आधी जुन्या दप्तराविषयी थोडे. रुमाल हा शब्द आता आपल्याला खिशातला वाटतो. दप्तरात तो कागद बांधायचा चौकोनी कापडाचा तुकडा. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत. इनाम कमिशनच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, जमिनीवरचे हक्क तपासण्यासाठी इंग्रजांनी जिथून मिळतील तिथून कागद गोळा केले. साताऱ्याच्या छत्रपतींचे दप्तरही त्यातच गेले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत प्रसिद्ध झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सरदेसाईंच्या हाती ते कागद वाचण्याजोगे आले, याचे श्रेय दगडी इमारतीच्या जाड भिंतींना, रुमालाच्या कापडाला आणि पावसाळा सरल्यावर गठ्ठे सोडून वारा देणाऱ्या शिपायांना जाते. कापड धूळ अडवते, पण हवा अडवत नाही. त्यामुळे कागद घुसमटत नाही, दमट होत नाही. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला कसर लागू देत नाही. पत्र्याच्या बंद पेटीत ठेवलेले कागद तपकिरी होऊन तुटतात आणि फडताळातल्या रुमालातले शाबूत राहतात, हा अनुभव जुन्या घरांत कागद शोधणाऱ्या कुणालाही विचारावा. राजवाड्यांना वाईत मिळालेल्या कागदांमधून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यांच्या प्रस्तावना वाचताना विद्वत्तेइतकाच त्यांचा संताप लक्षात राहतो, आणि तो पुष्कळदा वाळवी, पाऊस आणि रद्दी यांच्यावरचा आहे.

ही राखण करणारा माणूस कचेरीच्या पगारपत्रकात होता. दप्तरदार हा मोठा अधिकारी. त्याच्या खाली कारकून. आणि सर्वांत खाली प्रत्यक्ष गठ्ठे बांधणारा, शिवणारा, झटकणारा दप्तरी. हे शेवटचे पद इंग्रजांच्या काळातून आपल्या राज्याच्या चतुर्थ श्रेणीत आले. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा हेही ठरलेले होते: ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ वर्ग तीस वर्षे, ‘क’ वर्ग दहा, आणि ‘ड’ वर्गाचे कागद वर्षभरात काढून टाकायचे. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेऱ्यांच्या दप्तराची जी मांडणी लावून दिली, तिला आजही महसूल खात्यात त्यांच्याच नावाने ओळखतात. एका जिल्हाधिकाऱ्याचे नाव रस्त्याला किंवा धरणाला न लागता गठ्ठे लावण्याच्या पद्धतीला लागले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आमच्या फलटणला या गोष्टीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. नाईक-निंबाळकरांचे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान गेले म्हणजे झेंडा उतरला एवढेच होत नाही. गावोगावच्या जमिनी, इनामे, पाण्याचे हक्क यांची सगळी वही एका राज्याकडून दुसऱ्याकडे जाते. पुढच्याच वर्षी सातारा जिल्ह्याचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. म्हणजे बारा वर्षांत आमच्या मुलखातल्या दप्तराला तीन वेळा घर किंवा नाव बदलावे लागले. त्यातले बरेचसे कागद मोडीत. तरीही आजोबांच्या नावावरचा फेरफार शोधायला गेलेल्या माणसाला तो बहुतेक वेळा सापडतो. गठ्ठा हलला तरी तो बांधणारा आणि सोडणारा हात प्रत्येक ठिकाणी होता.

हा हात कधी काढला गेला?

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायची केंद्राची योजना १९८८-८९ साली आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. आमच्याकडे ही लाट दहा-बारा वर्षांनी आली. २०००च्या सुमारास आणि नंतर राज्यातल्या तालुक्या-तालुक्यांत गाव नमुना सात आणि बाराची माहिती संगणकात भरली गेली. शहरी वाचकांसाठी सांगतो: सात म्हणजे जमीन कुणाची त्याचे पान, बारा म्हणजे तिच्यात काय पिकले त्याचे, दोन्ही मिळून सातबारा. राज्यात असे सातबारे अडीच कोटींच्या आसपास आहेत. नोंदी भरल्या, तपासल्या, पुन्हा दुरुस्त केल्या, आणि सेतू केंद्रातून छापील उतारा मिळू लागला. ही सारी माहिती ज्यावर राहायची तो सर्व्हर तहसीलच्या एखाद्या खोलीत असायचा. खोलीला कुलूप असायचे, क्वचित वातानुकूलन यंत्र, कोपऱ्यात यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्यांची मांडणी. दप्तरी या खोलीत येत नसे. त्याला तिथे काही काम आहे असे कुणाला वाटलेच नाही.

आता सर्व्हरला पंखा का लागतो ते पाहू. हार्ड डिस्कमध्ये धातूच्या किंवा काचेच्या तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत असतात आणि त्यांच्यावर केसाच्या जाडीच्याही कितीतरी लहान अंतरावरून वाचणारी सुई तरंगते. ती तबकडीला टेकली की नोंद खरवडली जाते. शेजारी प्रोसेसर विजेच्या शेगडीसारखा तापलेला. ही उष्णता बाहेर नेणे एवढे एकच काम पंख्याचे. १९५६ साली आयबीएमने तबकड्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र विकायला काढले. त्याचे नाव रॅमॅक. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची, म्हणजे मोबाइलवरच्या एका चांगल्या फोटोइतकी. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या टीआयएफआरएसी संगणकात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या तापायच्या, जळायच्या, बदलाव्या लागायच्या. त्या काळातला संगणक म्हणजे खोलीभर यंत्र आणि त्याच्याभोवती सतत राबणारी माणसे. यंत्र लहान होत गेले तशी माणसेही कमी होत गेली. उष्णता मात्र होती तिथेच होती. ती फक्त खोक्यात कोंडली गेली.

या बाबतीत आपल्याच देशातले एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सी-डॉट ही संस्था १९८४ साली स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. १९८६ साली ते प्रथम कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. आपल्या बेळगावपासून तासाभराच्या अंतरावर. परदेशी एक्स्चेंजांना थंड खोली लागायची. सी-डॉटच्या अभियंत्यांनी खेड्यातले पोस्ट ऑफिस कसे असते, तिथे उन्हाळा किती असतो, धूळ किती असते हे गृहीत धरूनच मांडणी केली आणि वातानुकूलनाची गरजच काढून टाकली. तालुका कचेऱ्यांत आलेले सर्व्हर अशा विचारातून आलेले नव्हते. जगभरातल्या संगणक-कक्षांसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही शिफारस केलेली मर्यादा आहे. फलटण पर्जन्यछायेत. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या बंद खोलीत, वीज गेलेली असताना, काय होत असेल ते वाचकाने ताडावे.

पंखा मरतो कसा, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. पंख्यांच्या दोन जाती: बुशचा आणि बेअरिंगचा. बुशचा स्वस्त, त्यातले वंगण उन्हाने सुकले की तो आधी गुणगुणतो, मग घरघरतो, मग थंडीतल्या सकाळी सुरूच होत नाही. बेअरिंगचा पंखा आवाज करत करत कितीतरी महिने काढतो. सर्व्हरच्या पंख्याला एक जादा तार असते. तिच्यातून तो किती फेऱ्या मारतो हे मशीनला कळते. एक पंखा मंदावला की बाकीचे जोरात फिरू लागतात आणि खोलीत विमान उतरल्यासारखा आवाज होतो. हा आवाज म्हणजे मशीनची तक्रार. कचेरीत मात्र तिचा अर्थ ‘आज सर्व्हर जोरात चाललाय’ असा लावला जाई. दुसरी तक्रार पिवळ्या दिव्याची. दिव्यावर चिकटपट्टी लावलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली.

धूळही गावोगावी वेगळी. साखर कारखान्याच्या आसपास गळीत हंगामात चिमणीतून बगॅसची काळी राख उडते. वाळत घातलेल्या धोतरावर पडते तशी ती पंख्याच्या पात्यांवरही बसते आणि वजनाने हलकी असल्याने खोलवर जाते. सांगलीत हळदीच्या पेठेतल्या एका गाळ्यात यूपीएस उघडला तर आतली सर्किट पट्टी लग्नाच्या मांडवातून आल्यासारखी पिवळी होती. हळदीची पूड दमट हवेत चिकटून बसते, ती ब्लोअरने उडत नाही, ब्रशने घासून काढावी लागते. माणदेशाकडे पांढरी माती. कोयनेच्या खोऱ्यात धूळ कमी, पण पावसाळाभर ओल, आणि ओलीबरोबर मुंग्या. पाल ही सर्वत्र. उबेला येते आणि दोन टोकांना एकाच वेळी चिकटून स्वतः जाते, यूपीएसही नेते.

आणि या सगळ्याची नेमाने साफसफाई व्हायचा वर्षातला एक दिवस कोणता, तर खंडेनवमी. कंत्राटात तिमाही देखभाल लिहिलेली असली, तरी खोलीचे कुलूप निघून कपाट पुसले जाण्याची हमी याच एका दिवशी. त्या दिवशी सर्व्हरला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि समोर नारळ. कुंकू झरोक्यावर लावू नका, माळ पंख्यासमोर लोंबू देऊ नका, एवढे सांगायला मी अगत्याने जात असे. बाकी त्या पूजेला मी कधी हसलो नाही. पावसाळा संपल्यावर रुमाल सोडून वारा द्यायची रीत जवळपास याच दिवसांतली आहे.

बॅटरीची कथा पंख्यापेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते आपल्या दप्तराच्या इतिहासात तिचा वाटा मोठा आहे.

शिसे आणि आम्ल यांची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली केली. मूळ कल्पना तेव्हापासून तीच. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजांत स्वतंत्र बॅटरी रूम असे. दोन व्होल्टचे चोवीस घट एका माळेत, एकूण अठ्ठेचाळीस व्होल्ट. पाणी कमी झाले की डिस्टिल्ड वॉटर घालायचे, हायड्रोमीटरने प्रत्येक घटाची घनता मोजायची, टर्मिनलवर चढलेला पांढरा-निळसर क्षार पुसून ग्रीज लावायचे, आणि हे सगळे नोंदवहीत लिहायचे. नोंदवहीवर तारीख आणि सही. या बॅटऱ्यांना सतत माणूस लागायचा, म्हणून माणूस नेमलेला असायचा.

पुढे बंद बॅटऱ्या आल्या. आम्ल हिंदकळत नाही, पाणी घालावे लागत नाही, टेबलाखाली ठेवता येते. बाजारात त्यांचे नावच पडले एसएमएफ, म्हणजे सील्ड मेंटेनन्स फ्री. देखभालीची गरज नाही, असे नावातच छापलेले! या तीन अक्षरांनी केलेले नुकसान मोजायला साधन नाही. पाणी घालावे लागत नाही हे खरे. पण उष्णतेने ती मरते, अर्धवट चार्जने मरते, आणि बाहेरून बघून ती मेली आहे हे कळत नाही. साधा हिशोब असा, की पंचवीस अंशांवर जिचे आयुष्य पाच वर्षे, तिचे पस्तीस अंशांवर जवळपास निम्मे होते. शिवाय बॅटऱ्या माळेत असतात. सोळांपैकी एक गेली की बाकी पंधरा चांगल्या असूनही बॅकअप जातो. उघड्या घटाची परीक्षा दर आठवड्याला व्हायची. बंद बॅटरीची परीक्षा वीज जाते त्या क्षणी होते, आणि ती नापास झाली तर दुसरी संधी नसते.

२००५ नंतरची सहा-सात वर्षे आठवा. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन दिवसाचे आठ-आठ, बारा-बारा तास. शेतीच्या पंपांचे हाल वर्तमानपत्रांत आले, विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे आले. पण सातबाऱ्याच्या नोंदी भरण्याचा आणि दुरुस्त करण्याचा काळही नेमका हाच होता, हे कुणी फारसे ध्यानात घेतले नाही. यूपीएस अर्धा-पाऊण तास तग धरण्यासाठी असतो. तेवढ्यात काम आवरून मशीन नीट बंद करायचे, हा त्याचा हेतू. इथे तो रोज पूर्ण उपसला जाई, आणि पुरता भरण्याआधी पुन्हा वीज जाई. अशा बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि वर्षा-दीड वर्षात ती नावापुरती उरते. बदलायची म्हटले तर आणखी एक अडचण. वार्षिक देखभाल करारात बहुधा बॅटरीचा समावेश नसे. ती ‘वापरून संपणारी वस्तू’, म्हणजे कागद आणि शाईच्या रांगेत. नवी घ्यायची तर वेगळा प्रस्ताव, वेगळी मंजुरी, तीन दरपत्रके. तोवर सर्व्हर थेट भिंतीतल्या विजेवर.

सर्व्हरच्या पोटातही एक बॅटरी असते, काडेपेटीएवढी. तिचे काम वाचकांना सांगण्यासारखे आहे. तलाठ्याने नोंद केली, बटण दाबले, पडद्यावर ‘नोंद जतन झाली’ असे आले. प्रत्यक्षात ती नोंद त्या घटकेला तबकडीवर पोहोचलेली असतेच असे नाही. तबकडी संथ, माणूस आणि प्रोसेसर घाईत. म्हणून मधल्या एका पट्टीवर, तात्पुरत्या स्मरणात, नोंद ठेवून घेतली जाते आणि ‘झाले’ असे उत्तर दिले जाते. त्याच क्षणी वीज गेली आणि यूपीएसनेही हात वर केले, तर ती नोंद धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते: ही काडेपेटी. साधारण दोन-तीन दिवस ती धरून ठेवते. वीज आली की नोंद तबकडीवर उतरते. ही बॅटरी म्हातारी झाली की शहाणे मशीन तात्पुरते स्मरण वापरणे सोडून देते आणि प्रत्येक नोंद आधी तबकडीवर लिहिते. माहिती सुरक्षित राहते, पण काम गोगलगाईच्या गतीने चालते. चावडीवर उभ्या असलेल्या माणसाला एवढेच ऐकू येते: ‘सर्व्हर स्लो आहे, उद्या या.’ हे वाक्य आमच्या भागात म्हणीसारखे रूढ झाले. पीककर्जाच्या मुदतीच्या दिवसांत ते ऐकून परत गेलेल्या माणसाचा राग तलाठ्यावर निघे. त्यातली काही वाक्ये तलाठ्याचा बहाणा असतील; पण कित्येक अगदी अक्षरशः खरी होती आणि त्यांचे कारण मदरबोर्डवरच्या त्या काडेपेटीत होते. नंतरच्या सर्व्हरांत तिच्या जागी कपॅसिटर आणि फ्लॅश स्मृती आली, म्हणून हा प्रश्न पुष्कळसा सुटला.

सर्वांत लहान बॅटरी रुपयाच्या नाण्याएवढी, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. ती मशीनचे घड्याळ चालू ठेवते. ती संपली आणि वीज गेली की मशीनला आजची तारीख आठवत नाही. ते कारखान्यातल्या कुठल्यातरी जुन्या एक जानेवारीपासून पुन्हा मोजू लागते. इंटरनेटला जोडलेले मशीन तारीख विचारून घेते. पण त्या काळात तालुक्याची बरीच मशीने दिवसचे दिवस एकटीच असत. आमच्या भागातल्या एका कचेरीत मी छापील कागदांचा गठ्ठा पाहिला. त्यावरची तारीख ते सॉफ्टवेअर लिहिले जाण्याच्याही आधीची होती. तिथल्या कारकुनाने प्रत्येक पानावर निळ्या शाईने खरी तारीख लिहून खाली आद्याक्षरे केली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तारखेचे मोल सांगायला नको. जेधे शकावलीतल्या नोंदीने शिवजन्माचा शक १५५१ ठरवण्याच्या वादाला वळण दिले. मोडी कागदावर शक, सुहूर सन, फसली यांचा मेळ जंत्रीवरून लावताना आपण डोळे शिणवतो. जमिनीच्या फेरफाराला तर तारीख म्हणजे हक्कच: नोटीस दिल्यापासून हरकतीसाठी पंधरा दिवस. नाण्याएवढ्या बॅटरीने तारीख हलवली, तर ते पंधरा दिवस कुठून मोजायचे? त्या कारकुनाची निळी शाई मला पेशवाईतल्या एखाद्या चोख कारकुनाच्या शेऱ्याइतकीच विश्वासार्ह वाटते.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आम्हा दुरुस्तीवाल्यांचा ‘डिस्क तापली की मेली’ हा समज पूर्णपणे खरा नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान आणि डिस्क बंद पडणे यांचा संबंध समजत होते तितका घट्ट आढळला नाही. अति तापमानात आणि जुन्या डिस्कांत मात्र तो दिसला. हे वाचून काहींनी पंख्याची चिंता सोडली. माझे मत वेगळे आहे. त्या डिस्का ज्या खोल्यांत होत्या तिथे हवा सतत खेळती ठेवलेली होती, वीज अखंड होती. आमच्या पत्र्याच्या खोलीत चाळिशीच्या वर जे घडते, त्यावर तो अभ्यास नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तके भिजली, ही बातमी या अंकाच्या वाचकांना अजून सलत असेल. त्याच पुरात शहरातल्या यूपीएसच्या बॅटऱ्याही गेल्या, आणि त्या सर्वांत आधी गेल्या. कारण साधे: शिसे जड. एका माळेचे वजन दोन-चार माणसांना पेलत नाही, म्हणून बॅटऱ्या नेहमी तळाच्या फळीवर किंवा थेट जमिनीवर. सर्व्हर कपाटात छातीच्या उंचीवर, बॅटऱ्या घोट्याच्या. पाणी घोट्यापर्यंत आले की राखणदार बुडाला, राजा मात्र अजून कोरडाच. पूर ओसरल्यावर चिखलातून डिस्का काढून त्या डिस्टिल्ड वॉटरने धुणारी, सावलीत सुकवणारी मुले मी पाहिली. ग्रंथपाल पानांच्या मधे टिपकागद घालत होते, ही मुले सर्किटवर हेअर ड्रायर धरत होती.

हळूहळू तालुक्यांच्या खोल्यांतली माहिती मोठ्या केंद्रांकडे गेली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आता शेतकरी मोबाइलवर उतारा काढतो. हे चांगलेच झाले. बऱ्याच ठिकाणचा तो सर्व्हर गेला, पण प्रश्न गेला नाही, मोठ्या खोलीत गेला. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरी सरकारी माहिती-केंद्रात आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या दुसरीकडे हलवण्याचे काम चालू होते. बॅटऱ्या दहा वर्षांहून जुन्या, म्हणजे शिफारस केलेली मुदत उलटलेल्या. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांची ८५८ टेराबाइटची साठवण कायमची गेली. तिची दुसरी प्रत नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गोष्ट आहे. माहिती वाचवण्यासाठी ठेवलेल्या बॅटरीनेच माहिती जाळली.

आपल्याकडे २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्याचे काम आधी मराठवाड्यात, मग राज्यभर सुरू झाले. आमच्याही भागात फडताळे उघडली, मोडी वाचकांना बोलावणी गेली, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, जुने फेरफार, शाळांचे दाखले स्कॅन झाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा गावकामगाराची शाई आज कुणाच्या जातीच्या दाखल्याचा आधार ठरते आहे. मूळ कागद इतकी वर्षे जवळपास फुकट टिकला. कापड, वारा आणि एका दप्तऱ्याचा पगार एवढ्यावर. त्याची स्कॅन केलेली प्रत टिकवायला दर तीन वर्षांनी बॅटऱ्या, दर पाच-सहा वर्षांनी डिस्का आणि मधूनमधून पंखे बदलावे लागतील, आणि हे बदलणारा माणूस कोणत्या पदावर असेल ते मला कुठल्याही पदनामावलीत सापडलेले नाही. तो आज कंत्राटाचा असतो, करार संपला की दुसरा येतो. आधीच्याने काय केले हे नव्याला कळायला नोंदवही नसते.

एक नोंद मात्र असते. नवी बॅटरी बसवली की आम्ही मार्करने तिच्या अंगावर तारीख लिहितो. कुणी महिना-वर्ष, कुणी पूर्ण तारीख. कुणी शेजारी स्वतःची खूण. कुठे ‘माळ क्र. २’, कुठे ‘ही कमजोर’. एखाद्या कचेरीची वीस वर्षांची अशी खुणावलेली कवचे एका रांगेत मांडली, तर भारनियमनाचा, मंजुऱ्यांच्या विलंबाचा आणि त्या खोलीतल्या उन्हाळ्यांचा सालवार इतिहास वाचता येईल. मी तसा प्रयत्न करून पाहिला, पण चार-पाच वर्षांपलीकडची बॅटरी कुठेच मिळत नाही. शिशाला भाव आहे आणि २००१च्या नियमांपासून जुनी बॅटरी परत द्यायची असते. नवी देणारा दुकानदार तिची किंमत बिलातून वळती करून तिला टेम्पोत टाकतो. तिथून ती भट्टीकडे जाते. कवच फुटते, शिसे वितळते, आणि मार्करने लिहिलेली तारीख प्लास्टिकबरोबर जाते.